शैलेंद्रची भिंत आणि माझे हिरवे ठिपके

३ नोव्हेंबर, संध्या. ६.१०
लेझर आला. बटण दाबलं की समोर हिरव्या ठिपक्यांची जाळी पडते. काही हललं की ठिपके सरकतात. शेजारच्या शैलेंद्र तिवारीची कंपाउंड वॉल माझ्याकडे झुकते आहे, हे दोन वर्षं सांगतोय. अख्ख्या महाराजपुरात एकाला पटत नाही. आता पुराव्यानिशी पाडायला लावतो.

४ नोव्हेंबर
लेझर गॅलरीच्या कठड्याला पक्का बांधला. ही गॅलरी मी इंजिनियरला न विचारता काढली. तेहतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, मला कोण शिकवणार. भिंतीवर प्रत्येक ठिपक्याला चुन्याची खूण केली. शैलेंद्रने विचारलं, काकाजी, क्या चल रहा है. मी पुढची खूण केली.

९ नोव्हेंबर, ६.०५
ठिपके खुणांच्या एक बोट खाली! सापडला.

१० नोव्हेंबर
शैलेंद्रच्या बायकोने गाजराचा हलवा पाठवला. लाच. खाल्ला. मत बदललेलं नाही.

१४ नोव्हेंबर
दोन बोटं. इंदिराला मुद्दाम दाखवलं. ती चाळीस वर्षं पाटावर ठिपक्यांची रांगोळी काढते, म्हटलं कौतुक करेल. म्हणाली, "सारेच्या सारे ठिपके एकदम काहून सरकून राहिले? असं तर माझा पाट हलला की होते." बायकोला सायन्स समजावणं अशक्य.

१५ नोव्हेंबर
नगर निगमला तक्रार. सोबत एक्केचाळीस फोटो. विषय: धोकादायक भिंत तत्काळ पाडणेबाबत.

२१ नोव्हेंबर
निगमच्या राजश्री मॅडम आल्या. वय फार तर सव्वीस. भिंतीला ओळंबा लावला, सरळ. ओळंबाच खराब असणार, तसं बोललोही. मग त्या माझ्या गॅलरीखाली गेल्या आणि बराच वेळ वर बघत राहिल्या. गॅलरीच्या मुळाशी बोट जाईल एवढी भेग. म्हणाल्या, "काकाजी, दीवार अपनी जगह पर है। नीचे आप जा रहे हैं।" शैलेंद्र ऐकत होता. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

२२ नोव्हेंबर
शैलेंद्रने न विचारता गॅलरीखाली टेकूला चार बल्ल्या लावल्या. उपकार! राग आला. काढ म्हणणार होतो, पण तेव्हा मी वरच उभा होतो.

२८ नोव्हेंबर
गॅलरी पाडली. लेझर खिडकीच्या गजाला बांधून नव्या खुणा केल्या.

६ डिसेंबर, ६.००
आठ दिवस झाले. एक ठिपका हलला नाही. गॅलरी नाही, तर संध्याकाळचा चहा कुठे घ्यायचा कळत नाही. शैलेंद्रने अंगणात आमच्यासाठी दोन खुर्च्या टाकल्या आहेत. मी जाणार नाही. इंदिरा गेली. चहा पिते आहे, भिंतीला टेकून.