रंगारीकाकांना पूर्ण मार्क

३ मार्च
नोकरी लागली! थोड्याच दिवसांची, पण लागली. रस्त्यावर राहणाऱ्यांना आमच्या संस्थेनं कायमच्या खोल्या दिल्यात. त्यांच्याकडे जायचं, विचारायचं – जमतंय का? – आणि फॉर्मवर मार्क द्यायचे. मॅडम म्हणाल्या, "खरं तेच लिही. आणि गप्पा छाटत बसू नकोस." ओळखलं की मला!

५ मार्च
गप्पा छाटत बसलो. रंगारीकाका. कित्येक वर्षं पुलाखाली, आता दुसऱ्या मजल्यावर. खोलीचा पिवळा रंग कसा बिघडवलाय यावरच दुपार गेली. "रंगाखाली अस्तरच मारलं नाही रे लेकाच्यांनी!" पलंग कोरा, प्लास्टिकसकट. काका झोपतात दाराशी, जमिनीवर, पायात बूट. संस्थेच्या ताई रोज येतात, गोळी देतात, घटकाभर बसतात. गोळी चुकली की काकांना कोणीतरी हाका मारतं – नसलेलं कोणीतरी.
निघालो तर हात धरला. "बाळा, असलं काही लिहू नकोस. खोली काढून घेतील."
काय करणार? लिहिलं – पलंगावर झोपतात. गोळ्या आपल्या आपण घेतात. मदत लागत नाही. पूर्ण मार्क!

१२ मार्च
चपलेचा अंगठा तुटला. बाकी काही नाही.

१९ मार्च
जिन्यात ताई भेटल्या. "काकांकडचं माझं येणं बंद केलं! मदत लागत नाही म्हणे. कुठल्या शहाण्यानं लिहिलं?"
मी तसाच जिना उतरलो.

२० मार्च
मॅडमना सगळं सांगून टाकलं. त्या कपाळाला हात लावून बसल्या. "अरे, जमिनीवर झोपतात म्हणून खोली कोण काढतंय? खरं लिहिलं असतंस तर ताई दोन वेळा गेल्या असत्या!" मग बदला ना, म्हटलं. "वर गेलंय ते. माझ्या हातात नाही आता."

२४ मार्च
काका दार उघडेनात. आतून ओरडले, "कोण?"
"मी, काका. त्या दिवशीचा – तुमचा बाळ."
"आवाज बरोब्बर काढतोस हं त्याचा! जा, मी फसत नाही."
ताईंकडून आणलेली गोळी दाराखालून सरकवली. परत बाहेर आली.

२८ मार्च
दार सताड उघडं. काका नाहीत. पुलाखाली पाहिलं, तिथेही नाहीत. ताई सुट्टी टाकून शोधतायत. माझ्याशी बोलल्या नाहीत.

३१ मार्च
काकांचा पत्ता नाही. मॅडमचा फोन आला – वरच्यांना काकांचं उदाहरण फार आवडलं. उद्यापासून सगळ्याच इमारतींत ताईंचं येणं बंद.