तुळसाला कुठे घालायचं

तोंडवली,
गणपतीनंतरचा पहिला रविवार

ती. सौ. सुशीलाताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, भावोजींचा खोकला उतरला का, आणि आरोंद्याला खाडीचं पाणी तुमच्या माडांपर्यंत आलं होतं ते ओसरलं का, हे सविस्तर कळव. आम्ही तिघंही बरे आहोत. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर मी दोन वाक्यं बोललो की तू जेवणात काय केलंय ते विचारतेस, आणि मग बोलणं माशांवर जातं ते परत येत नाही. ही हकिगत मला कुणी न अडवता सांगायची आहे.

तुळसाला तिसरं वर्ष सरलं आणि तिला कुठे घालायचं हा प्रश्न उभा राहिला. वाडीत इतर कुणाकडे हा प्रश्नच नसतो. पण आपल्या वाडीच्या अंगणवाडीची सेविका म्हणजे तुझी भावजय नम्रता. गेल्या वर्षापासून बाजारपेठेतल्या इंग्रजी बालवाडीची पिवळी गाडी रस्त्यावर येऊन हॉर्न वाजवते आणि नम्रताच्या अंगणवाडीतली पोरं एकेक करून तिच्यात चढतात. पट असाच उतरत गेला तर अंगणवाडी दुसरीकडे जोडतील, अशी कुजबुज होती. उरलेले आईबाप (त्यात आपला शेजारी बाबली पहिला) तोंडाने काही बोलत नव्हते, पण सेविका स्वतःचं पोर कुठे घालते तिकडे सगळ्यांचं लक्ष होतं. नम्रता मला म्हणाली, "मीच माझा चेडू हंय घातलंय नाय, तर दुसरी लोकां कित्याक घालतली?"

हे मला पटलं होतं. तरीही मी जे केलं ते का केलं, हे आजही मला नीट सांगता येत नाही. तुळसा आईला सोडून पाण्याच्या टाकीपर्यंतही जात नाही, ती आईच्याच शाळेत काय शिकणार, अशी भीती होती. (थोडी हौसही होती. गाडीत बसलेली तुळसा मला डोळ्यांसमोर दिसायची.) एका सकाळी नम्रताला होडीच्या इंजिनाचं सामान आणायचं निमित्त सांगितलं आणि ती अंगणवाडीत गेल्यावर मी तुळसाला मोटरसायकलवर पुढे बसवलं आणि बाजारपेठ गाठली. तिथल्या बाई फार सज्जन. त्यांनी तुळसाला घसरगुंडी दाखवली, मला खुर्ची दिली (लहान मुलांची, तिच्यातून उठताना ती माझ्याबरोबर उठली) आणि विचारलं की आमचीच शाळा तुम्हाला का निवडावीशी वाटली. घरून मी दोन-तीन चांगली उत्तरं पाठ करून गेलो होतो. त्यातलं एकही आठवेना. मी म्हणालो, माझ्या बायकोला मी इथं आलोय हे माहीत नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि दोघं मिळून या म्हणाल्या.

परत येताना तुळसाला आईसक्रीम देऊन बजावलं की आईला सांगायचं नाही. घरी पोचताच तिने आईला घसरगुंडी सांगितली, खुर्ची सांगितली आणि शेवटी, आईला सांगायचं नाही हेसुद्धा सांगितलं. नम्रता भांडली असती तर बरं झालं असतं. तिने मला जेवायला वाढलं, स्वतः उपाशी राहिली आणि दुसऱ्या दिवशी तुळसाचं बोट धरून अंगणवाडीत घेऊन गेली.

तिथे तुळसाने जे केलं ते मदतनीस बाईंकडून मला कळत गेलं. आईला इथं बाई म्हणायचं, एवढं ती लगेच शिकली. पण बाईंच्या मांडीवर दुसरं कुणी बसलेलं तिला चालेना. नम्रता गाणं म्हणायला उभी राहिली की ही साडीत शिरणार, दुसऱ्याचं नाक पुसलं की ही आपलं नाक पुढे करणार. एके दिवशी बाबलीचा मुलगा पडला, म्हणून नम्रताने त्याला उचलून घेतलं. तुळसाने त्याच्या पायाचा असा चावा घेतला की त्याचं पडणं सगळे विसरले.

बाबली संध्याकाळी आला. रागावला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. पोराला उद्यापासून गाडीने पाठवू का, एवढंच त्याने हळू आवाजात विचारलं. नम्रताने त्याच्याकडे दोन दिवस मागितले. तो गेल्यावर ती चुलीपाशी बसून रडली. ताई, बाळंतपणातसुद्धा ती रडली नव्हती. "सगळ्या पोरांची बाई झालंय," ती म्हणाली, "माझ्या चेडवाक मात्र दिवसभर लोटून लावतंय." मी नारळ सोलायला घेतले आणि नको तेवढे सोलले.

वाट निघाली ती दुसऱ्या दिवशी, सेविकांच्या बैठकीत. शेजारच्या वाडीची सेविका डोरथी नम्रताजवळ बसली होती. तिचा विल्सन तुळसाच्याच वयाचा. तो तिच्या अंगणवाडीत कुणाला चावत नाही, पण सकाळपासून दारात आडवा पडतो आणि आई उचलेपर्यंत उठत नाही. दोघींनी एकमेकींना सगळं सांगितलं, आधी रडल्या, मग हसल्या. तेव्हा डोरथी म्हणाली, "माझो तू घे. तुझा माका दी."

असं झालं बघ. तुळसा आता डोरथीकडे जाते आणि विल्सन नम्रताकडे येतो. दोन्हीकडचा पट होता तेवढाच. नम्रताने घरोघरी जाऊन लोकांना खरं ते सांगितलं: माझी मुलगी अंगणवाडीतच जाते, फक्त आईच्या नाही. बाबलीने ऐकून घेतलं आणि सकाळी पोराला स्वतः आणून सोडलं. विल्सन पहिल्या दिवशी आमच्याही अंगणवाडीच्या दारात आडवा झाला. नम्रता त्याच्या बाजूला जमिनीवर बसून गोष्ट सांगत राहिली, आणि गोष्ट नीट ऐकू यावी म्हणून तो उठून बसला. दुपारी तुळसा घरी येते तेव्हा नम्रता हातातलं काम टाकून तिला जवळ घेते. आता त्या मांडीला दुसरा वाटेकरी नसतो. कधी कधी दोघी तशाच झोपी जातात.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. थोडक्यात, इकडची सगळी काळजी मिटली आहे.

तुझा,
गुरुप्रसाद

ता. क. : गुडघा बरा असेल तर दिवाळीपर्यंत आमच्याकडे येऊन राहशील का? तुळसाला सकाळी पोचवायला घरचं माणूस हवं. नम्रताला तेव्हाच तिची अंगणवाडी उघडायची असते, आणि डोरथीने मला तिच्या आवारात यायला मनाई केली आहे. मी खिडकीशी उभा राहतो, त्याने बाकीची पोरं बिथरतात, असं तिचं म्हणणं. "तुझा चेडू रडत नाय," ती म्हणाली, "तूच रडतंस." हे नम्रताला अजून माहीत नाही.

ता. क. दुसरा : पत्र बंद करता करता कळलं की नम्रताला माहीत आहे. तुळसाने सांगितलं. आणि आता रात्री झोपताना तुळसा माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणते, "बाबा, उद्या रडा नको हां. मी दुपारी येतलंय." ताई, लवकर ये.