टांगाचे दोन

१२ जाने. २००४, सोम. दोहा
'होदी... होदी...' बत्तीस वर्षांपूर्वीची हाक आज जेवताना कानात आली. टांगाला, पूर्व आफ्रिकेतल्या त्या बंदरगावी, दार वाजवत नाहीत, बाहेरून असं विचारतात. आतून 'करिबू', म्हणजे या, म्हणायचं. त्या सकाळी मी म्हटलं नाही.
निमित्त इराचं. नातीला शाळेचा प्रोजेक्ट: आफ्रिकेतली दोन गावं, तिथली वेळ नि राहणी. मी टांगा सुचवलं. दुसरं अक्रा, वरच्या मजल्यावरचे शेजारी तिथले म्हणून.

१५ जाने., गुरु.
शेजाऱ्यांकडे जाऊन आलो. अक्रा इथून तीन तास मागे. जन्माचा वारच नावात. शुक्रवारचा मुलगा तो कोफी. इरा खूश. टांगाचं मात्र, "आबा, सेम टाइम ॲज दोहा. बोअरिंग!"
म्हटलं, अगं, घड्याळ तेच, मोजणी निराळी. तिथे उजाडल्यापासून तास मोजतात. आपले सकाळचे आठ म्हणजे त्यांचे दोन.
"देन हाउ डू यू मीट एनीवन?"


१८ जाने., रवि.
लिहूनच टाकतो.
घायपाताच्या कंपनीत मी हेडक्लार्क, बकारी शिपाई. त्याची लेक झवादी दहा वर्षांची. आमच्या पायरीवर बसून माझ्या शाळेतल्या कविता ऐकायची. अर्थ ठो कळत नसे, चाल अचूक. तिला मोठ्या शाळेत घालायला जामीन म्हणून माझी सही हवी होती. मी कबूल केलेली. मग आपलेच लोक, "वैद्यसाहेब, जाताजाता कशाला गळ्यात घेता?"
बकारीला सांगितलं, निघायच्या दिवशी दोनला ये. आठला हजर. पोरीला नवा फ्रॉक. होदी, होदी. मी खिडकीआड. आमच्या हिला बाहेर पाठवलं. "साहेबांनी दुपारचे दोन सांगितलेत." बोट बाराची.
सात वर्षं राहून त्यांचे दोन मला ठाऊक नव्हते म्हणे! गंमत म्हणून चारचौघांत सांगत आलो. सगळे हसायचे. ही शेवटपर्यंत हसली नाही.

२० जाने., मंगळ.
पत्र टाकलं. बकारी, जुन्या ऑफिसचा पत्ता. काय केलं ते सरळ लिहिलं. फोन नंबर. शुक्रवारी दोनला करा, तुमच्या दोनला. घराची खूणही दिली: पेट्रोल पंपामागे, खाली लाँड्री, दुसरा मजला.
सूनबाई म्हणे, "आबा, टपाल घरी कुठे येतं इथे? पी. ओ. बॉक्स घाला." तोही घातला.

२७ फेब्रु., शुक्र.
सहावा शुक्रवार. आठपासून फोनपाशी.
"चहा तरी घ्या आबा, फोन पळून जात नाहीये."
बकारी आता सत्तरीपुढचा. असला तर. आणि ती पोर, शाळा...
इराला प्रोजेक्टला ए मिळाला. टांगाच्या रकान्यात तिने शेवटी लिहिलंय: टाइम, आस्क ट्वाइस.

५ मार्च, शुक्र.
आठला पाच कमी. वही घेऊन फोनपाशी. पायरीवरची ती चाल आठवतेय, शब्द निम्मे गेले.
आठ. फोन नाही.
दाराशी कुणीतरी. बेल नाही, टकटक नाही. बाईमाणसाचा आवाज, 'होदी?'
इरा दाराच्या भोकातून बघून धावत आली. "आबा, सम लेडी. शी हॅज युवर एन्व्हलप."
तो एकच शब्द म्हणायचाय.
पुन्हा हाक. उठतो