सूर्यभानमामांचं सोडा मशीन

७ मार्च १९७१, रविवार
सासऱ्यांचं सोडा मशीन आज पाथर्डीहून एस.टी.च्या टपावरून नगरला आलं. उतरवताना हमालाने विचारलं, भंगार कुठं टाकू? अडाण्यांच्या तोंडी मी लागत नाही.

सूर्यभानमामा, म्हणजे आमच्या कलाचे वडील, तीस वर्षं गावच्या यात्रेत याच मशीनवर गोळीसोडा भरत आले. यंदा खांदा गेला, दांडा फिरवता येत नाही. देवळाच्या पायऱ्यांसमोरची जागा त्यांची. पण यात्रेचा रिवाज असा, की एका सालाचा खाडा पडला की जागा दुसऱ्याची. बर्फगोळेवाला गोरक्ष कधीचा टपून आहे. यात्रा १० एप्रिलला. एकुलता एक जावई मी.

मामांची चिठ्ठी सोबत आहे. जावईबापू, निस्तं चामड्याचं वायसर बदला आन तेल द्या, बाकी कशाला हात लावू नगा.

मी नागापूरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. नुसतं वायसर बदलायला माझ्यासारखा माणूस कशाला हवा?

८ मार्च
निर्णय झाला. मशीन मूळ रूपात आणायचं. जसं विलायतेहून आलं असेल तस्सं. कला म्हणाली, वायसर बाजारात मिळतं. म्हटलं, आधी अभ्यास.

१३ मार्च
पाच संध्याकाळी चिंच लावून पितळी पट्टी घासली. खालून इंग्रजी अक्षरं निघाली, अर्धीमुर्धी. लंडन असावं. कला म्हणाली, मुंबई हाय ते. वायसर अजून राहिलंय. पण पट्टीत तोंड दिसतं.

१४ मार्च, रविवार
निर्णय बदलला. पहाटे आंघोळीत, अंगावर कपडेही नसताना सुचलं. माणूस चंद्रावर जाऊन आला आणि आम्ही दांडा फिरवणार? मशीनला इलेक्ट्रिक मोटार! कारखान्याच्या भंगाराच्या लिलावात अर्ध्या हॉर्सपॉवरची एक निघाली आहे. वेल्डर जालिंदर बसवून देतो म्हणाला.

कला यात्रेतल्या पालांबद्दल काहीतरी विचारत होती. टेक्निकल बाबतीत मध्ये बोलू नये, असं तिला शांतपणे सांगितलं. तिने भाकरी जरा जोरात थापल्या.

२१ मार्च
जालिंदरने दांडा कापला. कापण्याआधी तो म्हणाला, साहेब, परत लागला तर? म्हटलं, मागे वळून पाहणारा पुढे जात नाही. वाक्य छान झालं म्हणून नोंदवून ठेवतो. कापलेला दांडा भंगारवाल्याला दिला.

२८ मार्च
पहिली ट्रायल. मोटार उत्तम. मशीन असं गरगरलं की शेजारच्या बनुबाई नातवंडं घेऊन आत गेल्या आणि कडी लावली.

सहा बाटल्या भरल्या. एकीचीही गोळी तोंडाशी बसली नाही. सगळा गॅस हवेत, खाली कोमट पाणी. कारण उघड आहे: बाटल्या जुन्या.

कला म्हणाली, बाटली उलटी झाली की वाईच थांबावं लागतं, मग गोळी बसती. बाईमाणसाचा अंदाज. हसलो.

३० मार्च
आज एक शोध लावला, संपूर्णपणे स्वतंत्र विचाराने. बाटली उलटी झाल्यावर क्षणभर थांबली पाहिजे! बटणाने मोटार चालू-बंद करायची. कलाला समजावून सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुक असावं.

४ एप्रिल
दहापैकी चार वेळा बाटली बरोबर उलटी थांबते. उरलेल्या सहांचं गिऱ्हाइकाला कशाला सांगायचं? वायसर कुणीतरी बदललेलं दिसलं. तेलही दिलंय. मी विचारलं नाही. पेंटरकडून पाटी रंगवून आणली: 'विद्युत सोडा'.

९ एप्रिल, शुक्रवार, संध्याकाळ
यात्रेच्या मैदानावर पहिल्यांदाच पोचलो. पायऱ्यांसमोर पाल ठोकलं, मशीन मांडलं, पाटी टांगली. मामा पाटीकडे बघत राहिले. मग मी वायर सोडली आणि ती कुठे जोडायची ते शोधू लागलो.

वीज गावात आहे. ग्रामपंचायतीत आणि पिठाच्या गिरणीत. इथून पाऊण मैल. यात्रा गॅसबत्त्यांवर चालते, म्हणे तीस वर्षं चालते.

कलावर ओरडलो, आधी सांगायला काय झालं होतं? ती म्हणाली, इचारलं हुतं की, पालात लाइट कुठं हाय म्हनून. तुमी म्हनला, टेक्निकल हाय. मामा एका हाताने वायर गुंडाळू लागले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात गोरक्ष दोरी घेऊन आला आणि आमची जागा मोजू लागला. म्हाताऱ्याची तीस वर्षं माझ्या हुशारीपायी जाणार होती. हे आज खरं लिहितो.

कला उठली. चुलत्याच्या गोठ्यातल्या कडबा कापायच्या मशीनचा दांडा सोडवून आणला, तार आणि चिंध्या गुंडाळून बसवला. जरा आखूड आहे. फिरवणाऱ्याला कमरेत वाकावं लागतं.

११ एप्रिल, रविवार
काल दिवसभर मी वाकून होतो.

कला बाटल्या लावत होती, मोजत होती आणि मला सांगत होती. फिरवा. थांबा. म्या म्हनलं थांबा. एक गोळी चुकली नाही. पायऱ्या उतरणारी माणसं म्हणत होती, आरं, कली आली! लग्न होईपर्यंत दरसाल यात्रेत मामांच्या जोडीला तीच सोडा भरायची. अकरा वर्षांच्या संसारात हे मला ठाऊक नव्हतं. कधी सांगितलं नाहीस, म्हटलं. तुमी कधी थांबला व्हय, म्हणाली आणि पुढची बाटली लावली.

दुपारी गोरक्षसुद्धा येऊन सोडा पिऊन गेला.

संध्याकाळी यात्रा कमिटी वही घेऊन पुढच्या सालची जागा लावायला आली. मी शर्टाची बटणं लावून, केसांवरून हात फिरवून पुढे झालो. मामांनी नाव सांगितलं: कलाबाई. वाईट वाटलं. कलाकडे पाहिलं. ती एवढी खूश मी कधी पाहिली नव्हती, म्हणून आणखी वाईट वाटलं.

कमिटीवाल्याने माझ्याकडे पेन्सिल रोखून विचारलं, आन हे पाव्हनं?

मामा म्हणाले, ते दांडा फिरिवत्यात.

वहीत तसंच लिहिलंय. मी वाकून पाहिलं.