मोटारीच्या नळीतलं पाणी

२ जानेवारी १९३९, सेलू
मोटार सुरू केली की मागच्या धुराच्या नळीतून पाणी ठिबकतं. डायवर मुंजाजीचंच काम! पेट्रोल बाहेर विकतो आणि टाकीत पाणी ओततो. मला फसवतो? पंधरा वर्षं कापसाचं जिनिंग चालवतोय, पाण्याची चोरी लांबून ओळखतो. आपण गाठी बांधण्याआधी कापसावर जरा पाणी मारतो, ती गोष्ट निराळी. त्याने धागा मऊ राहतो, वजनही भरतं.

५ जानेवारी
मुंजाजीला फैलावर घेतलं. म्हणे, "मालक, पेट्रोल जळलं की वाफ व्हती, गार नळीत तिचंच पाणी व्हतंय. नळी तापली की बंद." जळून पाणी! लय हुशार. बायको नर्मदाबाई म्हणाली, पोरगं खरं सांगायलंय. घरातही फितुरी.

७ जानेवारी, दिवेलागण
कंदील लावला. गार काचेवर घटकाभर ओल धरली. म्हणजे रॉकेलमध्येही पाणी! आश्रुबा वाणीपण सामील. उद्यापासून कुणावर विश्वास नाही.

११ जानेवारी
माझ्या गाठी ओल्या निघतात अशी कुण्या हलकटाने अर्जी दिली. जिल्ह्याचे तालुकदार साहेब १४ तारखेला तपासायला येणार. ओल सापडली तर परवाना रद्द. घाबरतो कोण? स्टेशनवरून मोटारीत घालायचं, घरी जेवू घालायचं, परत गाडीत बसवायचं. जिनिंगकडे फिरकू द्यायचं नाही.
त्याच दिवशी मुंजाजीचाही निकाल. नळीत कापसाचा बोळा ठासायचा आणि मग तोलायचा, किती पाणी मुरलं ते कळेल. तराजू खोटं बोलत नाही.

१४ जानेवारी, सकाळी
स्टेशनवर मुंजाजी साहेबांचं सामान आणायला गेला तेवढ्यात बोळा गच्च ठासला. साहेब बसले. मोटार दोनदा खोकली, बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मुंजाजीने मागे जाऊन बोळा उपसला आणि मूर्खाने साहेबांच्या हातात दिला! साहेबांनी पिळला. पाणी गळलं. कापूस कुणाचा, त्यांनी विचारलं. मुंजाजी म्हणाला, "मालकाच्या जिनिंगचा, हुजूर." साहेब म्हणाले, आधी जिनिंगकडे चला.

१४ जानेवारी, दुपारी
सगळ्या गाठी ओल्या. मी म्हणालो, हुजूर, थंडीत आपोआप पाणी सुटतं, मोटारीच्या नळीला सुटतं तसं. माझ्या डायवरला विचारा. साहेबांनी विचारलं. मुंजाजी खाली मान घालून म्हणाला, "ते जळल्यावर सुटतंय, हुजूर. ह्यो कापूस कुठं जळालाय?"
जिनिंगला सील. मुंजाजीला आत्ताच्या आत्ता काढणार होतो. पण मोटार घरी न्यायची कुणी? मला चालवता येत नाही.