'स्लूस गेट' आणि बिनडोक जग

२ जून, सोमवार
'स्लूस गेट' हा व्हिडिओ गेम जगानं दुर्लक्षित केला. जग मूर्ख आहे हे ठाऊक होतंच, आता पुरावा मिळाला. रात्रीचं धरण, जागोजागी पहारेकरी आणि आपण एकटे, अंधारातून दबकत पुढं. हातात बंदूक असते, पण खरा खेळाडू ती वापरत नाही. कुणाला न मारता, कुणाला न दिसता पलीकडं जायचं. लोकांना नुसत्या धाडधाड गोळ्या हव्यात. तेवढीच लायकी.
संकल्प: यूट्यूब चॅनल काढणार. एकही गोळी न झाडता गेम संपवून दाखवणार.
आज पहिल्याच पहारेकऱ्याला गोळी घातली. कंट्रोलर खराब आहे.

४ जून
गुलमंडीतल्या दुकानात कंट्रोलर दाखवला. दुकानदार म्हणाला, "अंकल, इसको कुछ नै हुआ. और ये गेम तो कोई खेलताच नै." उभ्याउभ्या त्याला गेमची महती समजावली. मध्येच तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला मोबाइलची कव्हरं दाखवायला लागला. त्या दुकानात पुन्हा पाय ठेवणार नाही.

९ जून
संध्याकाळभर टीव्ही दमयंतीकडं. मालिकेतली भांडणं बघते. घरात नवरा असताना भांडणासाठी मालिका कशाला लागते?
म्हणून गेमचा सराव दुपारीच. आमचं ऑफिस बियाण्यांच्या कंपनीचं, म्हणजे झोपलेल्यांचं. खुर्चीवर बॅग ठेवली, टेबलावर चष्म्याचं घर उघडं टाकलं, पंखा चालू ठेवला. स्कूटर गेटपर्यंत ढकलत नेली. हर्सूलला घरी पोचेपर्यंत कुणाचा फोन नाही. गेममधले पहारेकरी यांच्यापेक्षा हुशार.
असिस्टंट मॅनेजरची जागा रिकामी आहे. माझीच. दुसरा आहे कोण? सांडू? त्याला ईमेल धड लिहिता येत नाही.

१३ जून
आता रोज दुपारी निघतो. गेममधलं पहिलं फाटक अजून पार झालेलं नाही, पण चूक दमयंतीची. स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, मागून आला बघा तो!" दचकून गोळी सुटली, भोंगा वाजला, मेलो. तिला स्पष्ट सांगितलं, माझ्या कामात बोलायचं नाही. तिनं विचारलं, हे कुठलं काम? म्हटलं, फील्डवर्क.

१८ जून
पहिला व्हिडिओ टाकला. एकच कॉमेंट: "काका, तुमच्या आवाजापेक्षा कुकरची शिट्टी जास्त ऐकू येते." त्याला चांगलं झापलं आणि ब्लॉक केलं. नंतर कळलं, चॅनलला सबस्क्राइब करणारा तोच एकटा होता. असले प्रेक्षक नकोतच.

२४ जून
सांडू सकाळी म्हणाला, "काय राव, दुपारी दिसत नाय तुम्ही. गोकुळ सर विचारत व्हते." मी म्हणालो, स्वतःच्या टेबलाकडं बघ. जळतो. प्रमोशन मला मिळणार हे त्याला कळलंय.
आज फाटकाशेजारच्या झुडपापर्यंत पोचलो. पाच गोळ्यांत.

३० जून
नोटीस लागली. असिस्टंट मॅनेजर: सांडू.
तडक गोकुळ सरांच्या केबिनमध्ये घुसलो. टेबलावर हात आपटून विचारलं, माझी मुलाखतसुद्धा न घेता हा निर्णय कसा झाला? सर घाबरले नाहीत, चिडले नाहीत. चष्मा वर करून निरखून बघितलं. म्हणाले, "अरे, श्रीरंग! तू इथंच आहेस व्हय? दुपारी दोनदा बोलावलं मुलाखतीला. दोन्ही वेळा जागेवर नव्हतास. मला वाटलं, लासूर स्टेशनच्या आपल्या गोदामावर गेलास. तिथं माणूस पाठवायचाच होता, तुझं नाव टाकलेलं."
मी ऑफिसातच होतो म्हणावं, तर बोलावणं ऐकलं कसं नाही? नव्हतो म्हणावं, तर होतो कुठं? सर म्हणाले, "बरं झालं भेटलास. उद्यापासून जा तिकडं." ऑर्डर हातात दिली. बाहेर सांडू पेढे वाटत होता. मलाही दिला. आग्रह करून. खाल्ला.
घरी आलो. दमयंती टीव्हीसमोर होती. म्हटलं, बदली झाली.
तिनं मान न वळवता विचारलं, "कुणाची?"
'माझी' म्हणायला मला जरा वेळ लागला.