एका ताटातला घास

अंतरा मॅडम,

मंदिराच्या हॉलमधल्या रक्ततपासणी शिबिरात तुम्ही सांगितलंत, हिपॅटायटिस बी एका ताटात जेवल्याने होत नाही. लायब्ररीतल्या पुस्तकातही मी तेच वाचलं होतं. पण मी पोह्यांची बशी पुढे केली, तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "काकू, आत्ताच ब्रेकफास्ट केला."

आमचे हे त्याच आजाराने गेले. शेवटपर्यंत आम्ही एकाच ताटात जेवलो. मी घरोघरी पोळ्या करून विकते; ते गेल्यावर बऱ्याच घरांनी त्या बंद केल्या. "रत्नावहिनी, सध्या डाएट चालू आहे!" अमेरिकेतलं हे अख्खं पिस्कॅटवे गाव एकदम डाएटवर?

तुम्ही म्हणता, "नवऱ्याला होता, म्हणून तुम्हीही रक्त तपासून घ्या, नाव गुप्त राहील." उरलेल्या घरांच्या पोळ्यांवर माझं भाडं निघतं. नाव फुटलं तर तेही जाईल.

शनिवारी पुन्हा शिबिर आहे. मी साबुदाण्याची खिचडी आणीन. माझ्या ताटातला एक घास तुम्ही खाल्लात, तर मी बाही वर करीन. नाहीतर डबा झाकून घरी येईन.

हे पत्र मात्र तुम्हाला देणार नाही. आधी कळलं तर तुम्ही मुद्दाम खाल.

तुमच्या हाताकडे लक्ष ठेवून,
रत्ना